राखणीचा डोह

१

दुपारी बाराला अंगणवाडीतली पोरं खिचडी खाऊन पांगली, की आम्रपाली पातेलं घासून पालथं घालायची, दाराला कुलूप ठोकायची आणि तडक नदीची वाट धरायची. डोहाच्या काठाला तिचा नवरा नागसेन आधीच येऊन बसलेला असायचा. अंगात खाकी चड्डी, कपाळावर रबरी पट्ट्याचा काचेचा चष्मा, गळ्यात श्वास घ्यायची वाकडी नळी. पन्नाशीला आलेला माणूस! पहिल्या दिवशी त्या सोंगात बघून तिला हसू आवरेना. आता हसू येत नव्हतं. ती त्याच्या कमरेला दोर बांधायची, गाठ दोनदा ओढून बघायची आणि रोजचं एकच वाक्य म्हणायची, "वरच्या वर तरंगायचं. खाली जायाचं न्हाई."

"न्हाई जात."

"डाक्टर काय म्हनल्यात, ध्यानात हाय न्हवं?"

"अगं हाय की! रोज काय परीक्षा घेतीस?"

डॉक्टर म्हणाले होते, उजव्या कानाचा पडदा फाटलाय. परत बुडी मारलीत तर कान जाईल, आणि पाण्याखाली भोवळ आली तर जीवही जाईल. म्हणून तर वनखात्यानं त्याला घरी पाठवलं. त्याआधीची वीस वर्षं गडी अंदमानात. मिलिटरीतून तिकडं गेला, तिथंच चिकटला, आणि समुद्रातलं उद्यान राखीव झालं तेव्हा त्याचा पहारेकरी झाला. पवळ्यांच्या, म्हणजे प्रवाळांच्या, रानावर दोर टाकायचा, दोराच्या दोन्ही अंगांचे मासे मोजायचे, पाटीवर लिहायचे. टुरिस्टांना नळी-चष्मा लावून पाण्यावर पालथं तरंगायला शिकवायचं आणि कुणी पवळ्यावर पाय ठेवला की त्याच्या अंगावर ओरडायचं. असलं काम. वर्षाला चाळीस दिवस सुट्टी, आणि तेवढाच आम्रपालीचा संसार. दर सुट्टीला म्हणायचा, पुढच्या वर्षी तुला नेतो, समुद्र दाखवतो. ती इकडं चिंचवाकडीत, सासू-सासऱ्यांच्या दुखण्यात आणि पोरीच्या शाळेत अडकलेली. समुद्र राहूनच गेला. पण शहाण्णवच्या दिवाळीला नवरा कायमचा घरी आला, आणि आता हा माणूस पुन्हा कुठल्याही पाण्याला द्यायचा नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

मग तीच त्याला दोर बांधून डोहात का सोडत होती? त्याला कारण लालासाहेब.

लालासाहेब गावचा सरपंच. बोलायला लागला की समोरच्याला 'नाही' म्हणायची सवड मिळत नसे. जानेवारीत एक दिवस तो वस्तीत आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "नागसेनराव, आपला राखणीचा डोह चालला बघा." नव्या पाणीयोजनेची जॅकवेल, नदीतलं पाणी उपसायची विहीर, वारणेच्या वळणावर, नेमकी डोहात आखली होती. उन्हाळ्यात सुरुंग लागणार. वाचवायचा तर एकच वाट, डोह सरकारी कागदावर राखीव करून घ्यायचा. त्याला यादी लागते. कुठले मासे, किती, आणि खवल्याचे ते मोठे, ज्यांना कागदावर महाशीर म्हणतात, ते किती. "असलं मोजनारा मानूस जिल्ह्यात एकच हाय, आन् तो माझ्या म्होरं बसलाय. एकदा राखीव झालं की काचेच्या बुडाची होडी आनू! पुन्या-मुंबईची मानसं नळ्या लावून मासं बघाय येतील. काय वैनी?"

आणि उठता उठता त्यानं खरी गोष्ट सांगितली, की यंदापासून राखणीची पाळी बौद्धवस्तीलाही दिली आहे. त्या डोहात जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, आणि रोज एका घरानं काठावर बसून राखण करायची, ही गावाची फार जुनी रीत. वस्तीला मात्र त्या काठाला कुणी फिरकू दिलं नव्हतं. पहिली पाळी नागसेनच्या घराला, आणि मोजणी चालेल तोवर रोज दुपारची बैठकही त्यांचीच. सगळी वस्ती हरखली. आम्रपालीलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

२

पहिले चार दिवस सुखाचे गेले. नागसेन पाण्यावर पालथा तरंगत राहायचा, नळीतून फुसफुस आवाज यायचा, आणि बाहेर आला की त्याचं तोंड थांबायचं नाही. मरळ एवढे, वाम एवढ्या, शिंगटी दगडाआड दडून बसते. अंदमानातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या पाटीवर ओल्या हातानं लिहायचा. आम्रपालीला मासे कळत नव्हते, पण नवरा कळत होता, आणि तो खुशीत होता.

पाचव्या दिवशी तो बाहेर आला आणि काही बोललाच नाही. पाटी छातीशी धरून बसला. ती टॉवेल द्यायला वाकली तेव्हा तिला दिसलं, यादीच्या खाली त्यानं काहीतरी काढून अंगठ्यानं पुसलं होतं. मासाच होता. तोंड पोपटाच्या चोचीसारखं. तो मासा तिच्या ओळखीचा. ट्रंकेतल्या अल्बममध्ये त्याचा फोटो होता. हा पवळं कुरतडून खातो आणि मागून वाळू टाकतो, असं सांगून नागसेन दर सुट्टीला पोरीला हसवायचा.

"ह्यो हितं कसा?"

"हात चालला उगंच. सवय," तो म्हणाला, आणि पाटी तिच्या हातातून काढून घेतली.

संध्याकाळी तिनं दोरीवरची खाकी चड्डी काढली, तर तिच्यावर पांढरे पट्टे उठले होते. ओल सुकताना कड राहते तसे. नखानं खरवडून जिभेला लावलं. खारट.

आता आम्रपाली काही अंगात आलं, उतारा टाकला असल्या नादातली बाई नव्हे. घरात लिंबू-मिरची कधी टांगली नाही, पोरीच्या कपाळाला तीट लावली नाही, आणि अंगणवाडीत कुणी नजर काढायला मीठ-मोहऱ्या मागितल्या तर झापून परत पाठवायची. तिनं स्वतःला समजावलं, घाम असेल. थंडगार पाण्यात तासभर राहिलेल्या माणसाला घाम कुठला, हेही तिलाच सुचलं. मग म्हणाली, साबण निघाला नसेल. चड्डी तिनं परत भिजवली आणि चांगली खसाखसा घासली.

३

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीला सुट्टी होती. ती लवकर निघाली. सकाळची पाळी लालासाहेबाच्या घरची, आणि त्याची आई मनुबाई करंजाच्या झाडाखाली सुपात हरभरे निवडत बसली होती. पाण्याकडे पाठ करून.

आम्रपाली येताजाता रोज हे बघत होती, पण डोळ्यांत आज भरलं. काल सकाळी बसलेला भाऊसोही असाच बसला होता. परवाचा गुंडाही. डोहाची राखण करणारा प्रत्येक माणूस डोहाकडे पाठ करून बसायचा. तिनं विचार केला, बरोबर आहे, चोर वाटेनं येणार, मग नजर वाटेवरच नको का? पटण्यासारखं होतं. फक्त एवढंच, की मनुबाई उठून निघाली तेव्हाही मान वळवल्याशिवाय, अंदाजानं चप्पल चाचपत निघाली.

डोहाच्या खालच्या अंगाला ज्ञानूची काईल असायची. गुऱ्हाळात रस कढवायची ती लोखंडी काईल. या भागात तिच्यातच बसून नदी ओलांडतात, आणि ज्ञानूचा जन्म माणसं पार करण्यात गेला होता. त्या दुपारी तो काठाला आला आणि थबकला.

"वैनी, तुमी पान्याकडं तोंड करून बसता व्हय?"

"मग? दोर माझ्या हातात हाय. बघाय नको?"

"त्ये बी खरंच." तो घुटमळला. "तुमाला कुनी सांगितलं न्हाई वाटतं."

"काय ते?"

"न्हाई... तुमची पाळी पयलीच न्हवं."

"आवं ज्ञानूदाजी, पोटात एक आन् व्हटात एक नगं! काय आसंल ते सरळ बोला की."

ज्ञानूनं डोक्यावरचं मुंडासं नीट केलं. "सरळच बोलतोय. आमाला बी कुनी काय सांगितल्यालं न्हाई. बा बसायचा तसं आमी बसतो," तो म्हणाला आणि आपल्या काईलीकडे निघून गेला.

ती पाण्याकडेच तोंड करून बसली. हिरवं, जाड पाणी. हातभर खालचं दिसत नव्हतं. पण बसल्या बसल्या तिला एक आवाज लागला. उसाच्या फडातून वारं यावं तसा, लांबून येणारा, मोठा होत जाणारा, आणि मग सुस्कारा टाकून मागं सरणारा. पुन्हा तसाच. तिनं वर बघितलं. करंजाचं पानसुद्धा हलत नव्हतं. तिनं कातळाला कान लावला. आवाज कातळातून येत होता.

संध्याकाळी भाकरी थापताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आवं, समुद्र वाजतो कसा?"

नागसेनचा घास हातात राहिला. मग त्यानं तोंडानं तो आवाज काढून दाखवला, लांबून आणला, मोठा केला, आणि सुस्कारा टाकून मागं नेला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचा हात तिकडं जाईना.

४

दोराची बोली पहिल्याच दिवशी ठरली होती. अंदमानात चालायची तीच. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सोड. तीन म्हणजे वर घे. आम्रपालीला ती जड जायची, कारण तिच्या माहेरची बोली वेगळी. तिचा बाप राजाराम विहिरींचा गाळ काढायचा, आणि लहानपणी वरचा दोर तिच्याच हातात असायचा. विहिरीत एकच हिसका, आणि त्याचा अर्थ एकच, वर घे. माणूस गुदमरला तर तीन-तीन हिसके द्यायला बसतोय होय?

नवव्या दिवशी दोराला एक हिसका बसला, आणि डोकं काही म्हणायच्या आत हातांनी दोर ओढायला घेतला. नागसेन खोकत, पाणी थुंकत काठाला आला आणि खवळला. "एकदा म्हंजी ठीक! कितीदा सांगायचं तुला?" मग दम घेऊन हळूच म्हणाला, "आन् मी वढलाच न्हवता."

"दगडाला अडाकला आसंल," ती म्हणाली. त्यानं कमरेची गाठ सोडून दोर टाकून दिला आणि मान वाकडी करून उजवा कान झटकायला लागला. तळहातावर पाण्याबरोबर लाल थेंब पडला. ते बघितलं आणि तिचा पारा चढला.

"तुमी खाली जाताय! माझ्या गळ्याशपथ सांगा, जाताय का न्हाई?"

"थोडं थोडं."

"लाज वाटती का? ईस वरसं मी वाट बघितली. चाळीस दिसांचा नवरा घिऊन ईस वरसं काढली, ती काय ह्यासाठी? पोरीचं लगीन एकटीनं जमवलं, आत्याचं, तुमच्या आयचं मढं एकटीनं..."

आणि बोलता बोलता ती थांबली. दोराचं अर्धं वेटोळं तिच्या मुठीत होतं. सुटं टोक डोहात घसरलं होतं. नागसेन तिच्या शेजारी बसला होता, अंगावर टॉवेल घेऊन. आणि दोराला एक हिसका बसला.

दोघांनीही तिच्या मुठीकडे बघितलं. थोड्या वेळानं पुन्हा एक. घाई नव्हती त्यात. कुणीतरी शांतपणे सांगत होतं, ठीक आहे.

तिनं दोर खेचला. जड लागला नाही, सरसर आला. कासव असेल, मनात म्हणाली, मोठा मासा असेल, पाण्याला ओढ असेल. टोक वर आलं तेव्हा त्याला फास होता. माणसाच्या कमरेएवढा, नीट बांधलेला, ओला फास.

नागसेननं गाठीवरून बोट फिरवलं. "ही आमच्या होडीवरची गाठ हाय," तो म्हणाला. "हितं कुनाला येत न्हाई."

त्याच्या तोंडावर भीती असती तर आम्रपालीला धीर आला असता. पण तो हसत होता. वीस वर्षं सुट्टीवर येऊन दारात उभा राहायचा, तेव्हाही इतका आनंद तिनं त्याच्या तोंडावर बघितला नव्हता. ती घाबरली ती त्या हसण्याला.

५

त्याच दिवशी तिनं त्यानं अंदमानातून आणलेले दोन्ही चष्मे आणि नळ्या अंगणवाडीतल्या सुकडीच्या पोत्यात खुपसल्या. नागसेननं विचारलं नाही, शोधलं नाही. नुसता बसून राहिला. चार दिवसांत गालाची हाडं वर आली. समोर कालवण ठेवलं तरी वास न घेता ताट सरकवायचा.

एकदा म्हणाला, "तुला दावायचा म्हनलं हुतं मी. समुद्र."

"गप बसा. मला नगं तुमचा समुद्र."

"हाय गं, आम्रे. कपारीच्या खाली हाय. सगळाच्या सगळा हाय."

तिनं भांडी आदळली आणि ऐकू न आल्यासारखं केलं. मनात मात्र ऐकलेलं राहिलं. कानाचा पडदा फाटला की माणसाचा तोल जातो, भास होतात, हे तिला नर्सबाईनं सांगितलं होतं. तेच धरून ती बसली. भास त्याचे. मग दोर कुणी बांधला, हा प्रश्न आला की ती उठून दळण निवडायला घ्यायची.

शुक्रवारी लालासाहेब घाम पुसत आला. "वैनी, सोमवारी कागद म्हंबईला जायाचा हाय, आन् महाशीरचा रकाना कोराच! इंजिनेर लोकांनी कातळावर चुन्याच्या खुना केल्यात. बघून या जरा." ती बघून आली. करंजाच्या बुंध्यालाही पांढरा पट्टा ओढला होता. एका रकान्यासाठी डोह जाणार, त्यातले मासे सुरुंगानं पोट वर करून तरंगणार, आणि वस्तीला पहिल्यांदा मिळालेली राखण पहिल्याच वर्षी बुडाली असं गाव म्हणणार. आम्रपाली हट्टी होती, पण डोळे मिटून बसणारी नव्हती.

रात्रभर विचार करून सकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, "एकदाच. वरनंच मोजायचं. आन् मी काठाला बसनार न्हाई. तुमच्या डोक्यावर, काईलीत बसनार."

ज्ञानू तयार झाला. त्याची अट एकच. "मी वल्हं धरीन. बघनार न्हाई."

६

शनिवारी भर दुपारी काईल डोहाच्या मधोमध गेली. ऊन सरळ डोक्यावर. ज्ञानूनं वल्हं मांडीवर घेतलं, मुंडासं डोळ्यांवर ओढलं आणि तोंड आभाळाकडे केलं. आम्रपालीनं गाठ दोनदा ओढून बघितली. नागसेन पाण्यात उतरला, पालथा झाला आणि नळीतून फुसफुस सुरू झाली. ती दोर धरून बसली.

दहा मिनिटं गेली असतील. त्यानं डोकं वर काढलं, नळी बाजूला केली. "सव्वीस! ल्ही, सव्वीस महाशीर!"

तिनं पाटीवर सव्वीस लिहिलं आणि आकड्याखाली रेघ मारली. काम झालं होतं. डोह वाचला होता. "या आता वर," ती म्हणाली आणि हात पुढं केला.

नागसेननं त्या हाताकडे बघितलं. ओझरतं नाही, चांगलं थांबून बघितलं, त्यातल्या बांगड्यांसकट. मग नळी तोंडात धरली, कमरेत वाकला आणि खाली गेला.

दोर सुटायला लागला. दहा हात, वीस हात. तिनं तीन हिसके दिले. खालून उत्तर आलं, एक. ठीक आहे. तिनं पुन्हा तीन दिले. पुन्हा एक. चाळीस हात. एवढा खोल माणूस जातच नाही, एवढा श्वास माणसाला नाही. "ज्ञानूदाजी!" ती ओरडली. ज्ञानू आभाळाकडे तोंड करून पुटपुटला, "वढा. वढत ऱ्हावा वैनी," आणि स्वतः मात्र वल्ह्याला घट्ट धरून राहिला. ती ओढत होती, दोर येत नव्हता. दगडात रुतल्यासारखा ताठ.

कशाला अडकलाय ते तरी कळू दे, म्हणून तिनं काईलीत ठेवलेला दुसरा चष्मा डोळ्यांना लावला. आयुष्यात तिनं पाण्यात तोंड घातलं नव्हतं. काईलीच्या कडेवर छाती टेकून तिनं डोकं खाली घातलं.

आधी नुसतं हिरवं. शेवाळाचे कण. हातभर, दोन हात. मग हिरवं संपलं. एखाद्या खोलीचं छत संपावं तसं संपलं आणि खाली उजेड होता. ऊन वरून पडत नव्हतं, खालून येत होतं, निळं, हलतं, आणि त्याला शेवट नव्हता. वारणेचे दोन्ही काठ ती दगड मारून गाठायची, आणि त्या काठांच्या मधे हे एवढं मावलं कसं? खाली रान होतं. फांद्यांचं, पंख्यांचं, कोबीच्या गड्ड्यांएवढ्या गोळ्यांचं, आणि प्रत्येकाला असा रंग की ज्याला तिच्याजवळ नाव नव्हतं. मासे होते. थव्यांनी, भिंतींनी मासे, आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून स्थिर उभे. सव्वीस महाशीर त्यांच्यातच होते, शेजारी बसल्यासारखे. आवाज होता तो कानात नव्हता, छातीत होता. तो येत होता, जात होता.

तिला रडू फुटलं. भीतीनं नव्हे. इतकं सुंदर काही असतं आणि ते आपल्याला कुणी दाखवलं नाही, याचं रडू.

मग तिला नागसेन दिसला. त्या उजेडात अंगठ्याएवढा. श्वास संपत आलेल्या माणसाची धडपड त्याच्यात नव्हती. तो कमरेची गाठ सोडत होता, सावकाश, घरी आल्यावर बुटाची नाडी सोडावी तशी. आणि तो एकटा नव्हता. त्याच्याही खाली माणसं होती. पालथी, हात पसरून तरंगणारी, खाली बघणारी. एकाच्या डोक्याचं मुंडासं सुटून लांबच लांब हलत होतं. एका बाईचं लुगडं. निवांत सगळी. कुणाला वर यायचं नव्हतं.

माशांच्या भिंती हळूच बाजूला झाल्या. खालून काहीतरी चाललं होतं. तिला त्याची कड तेवढी दिसली. ती कड सरकत राहिली, सरकत राहिली, आणि तिचं टोक येईचना. पालथ्या माणसांची तोंडं तिच्याबरोबर वळत गेली.

आम्रपालीचा एक हात कडेवरून सुटला होता. खांद्यापर्यंत पाण्यात गेला होता आणि आणखी खाली जात होता. पाणी कोमट होतं. काईल कलली. त्याच क्षणी तिला बांगड्या दिसल्या, पाण्यातल्या हातातल्या, आणि तिला ती नजर आठवली. त्यानं निरोप घेतला होता. तिला न विचारता, वीस वर्षं घेतला तसाच!

असा संताप आला तिला. तिनं डोकं बाहेर काढलं, दोन्ही पाय काईलीच्या कडेला रोवले आणि तोंडाला येईल ती शिवी देत दोर ओढला. एकदा, दोनदा. तळहाताची साल निघाली. तिसऱ्या ओढीला खालून काहीतरी सुटलं आणि दोर हातात यायला लागला.

७

नागसेन काठावर उताणा पडला होता. गाठ अर्धी सुटलेली, दोन्ही कानांतून रक्त. ज्ञानू लालासाहेबाला बोलवायला पळाला होता. बऱ्याच वेळानं नागसेननं डोळे उघडले, आणि तिच्या कपाळावर चढवलेला चष्मा त्याला दिसला. तो कोपरावर उठला.

"आम्रे, तू बघितलंस?"

तिच्या केसांतून पाणी निथळत होतं. ओठांना खारट लागत होतं.

"तू बघितलंस न्हवं? खाली?"

त्याच्या डोळ्यांत सगळा जीव गोळा झाला होता. ती 'व्हय' म्हणाली असती तर तो वेडा ठरला नसता. एवढं एकच तो तिच्याजवळ मागत होता. पण ती 'व्हय' म्हणाली असती तर उद्या दुपारी बाराला त्याला कुठल्या दोरानं धरून ठेवणार होती? आणि खरं सांगायचं तर तीही गेली असती. दोघं मिळून गेली असती.

रोज संध्याकाळी बुद्धवंदनेत ती खोटं न बोलण्याचं शील घेत होती, आणि आजवर ते पाळलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "पानी हुतं. हिरवं पानी."

"आन् मानसं? ती कड?"

"शेवाळ हुतं. तुमी कपारीत अडाकला हुता. भवळ येनार म्हनून डाक्टरांनी सांगितलंच हुतं."

मग त्याचा चेहरा हळूहळू विझला, आणि तो परत उताणा झाला. "म्हंजी माझंच डोस्कं बिघाडलं म्हनायचं," तो म्हणाला. तिनं त्याच्या कानातलं रक्त पदरानं पुसलं.

डोह राखीव झाला. यादीत मरळ, वाम, शिंगटी आणि सव्वीस महाशीर, एवढंच. जॅकवेल मैलभर खाली सरकली. लालासाहेबानं काचेच्या बुडाच्या होडीचा विषय काढला, तेव्हा आम्रपालीनं ग्रामपंचायतीत असा काही आवाज चढवला की तो गारच पडला. सरकारी फलकावर 'मासेमारीस मनाई' याच्या खाली 'पाण्यात उतरण्यास व डोकावण्यास सक्त मनाई' अशी ओळ तिनं पेंटरकडून समोर उभी राहून लिहून घेतली.

नागसेन घरी राहिला. उजव्या कानानं पूर्ण बहिरा झाला, डाव्यानं थोडं ऐकू येतं. अंगणवाडीतल्या पोरांची नाकं पुसतो, पाणी भरतो, सांजेला उंबऱ्यात बसतो. कुणी समुद्राचं विचारलं तर आठवत नाही म्हणतो. असा नवरा आम्रपालीला वीस वर्षं हवा होता.

तिला झोप लागत नाही. डोळे मिटले की ते रंग येतात. त्या पंख्यासारख्या झाडाला काय म्हणतात, पिवळ्या अंगावर निळी रेघ ओढलेला तो मासा कुठला, थव्यातला एकही मासा दुसऱ्याला धडकत कसा नाही, सगळं तिला विचारायचं असतं. आणि ते ठाऊक असलेला एकटा माणूस रोज तिच्यासमोर ताटावर बसलेला असतो.

अधूनमधून तो घास खाली ठेवतो. "आम्रे, खरंच काय दिसलं न्हवतं?"

"न्हाई," ती म्हणते, आणि त्याला भाकरी वाढते.